गरुडाचं पिल्लू

माझा नवरा वादिम कारखान्यातून निवृत्त झाला त्याला जेमतेम महिना झाला असेल, आणि आमच्या घरात एक सायकल घुसली. खरोखरची घुसली असती तर मी ती बाल्कनीत टांगून विसरून गेले असते. ही त्याच्या डोक्यात घुसली होती आणि तिथून दिवसभर घंटी वाजवत होती.

सकाळी चहा ओतावा तर हा फोनवर जुन्या सायकलींच्या जाहिराती बघत बसलेला. "तास्या, इकडे बघ गं. अर्ल्योनक!" मी बघायची. दोन चाकं, एक सीट, सायकल होती. "छे, हिचं मडगार्ड वेगळं आहे," असं तोच म्हणायचा आणि उठून येरझाऱ्या घालायला लागायचा. खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी. आमच्या स्वयंपाकघरात एकाने येरझाऱ्या घालायच्या म्हणजे दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. चिकटणारी मी.

बर्फ वितळलं तशी त्याच्या पायाला भिंगरीच लागली. एक सायकल बघायला तो बसने शेजारच्या गावी गेला. दुसरीसाठी कामा नदी ओलांडून पलीकडे गेला आणि चिखलाने माखून परत आला. प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने.

"ती नव्हती," बूट काढता काढता म्हणायचा.

"ती कशी असेल? ती तुझ्या लहानपणीच चोरीला गेली ना, देवमाणसा? चोर काय इतकी वर्षं तिला पुसून-बिसून तुझी वाट बघत बसलाय?"

"तेच तर," तो म्हणायचा, आणि त्याचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा बंद व्हायचा.

रात्री कूस बदलत राहायचा. जेवताना मध्येच चमचा खाली ठेवायचा. मला आधी वाटलं, काम सुटलं म्हणून असेल. पुढे पुढे मला भीती वाटायला लागली. माणूस घरात असून घरात नव्हता. काय शोधतोय हे त्याचं त्यालाही धड कळत नव्हतं.

मी त्या सायकलवर कधी बसले नाही, पण तिची चेन कुठे अडायची ते मला पाठ आहे. अर्ल्योनक हे त्या जातीच्या सायकलचं नाव, म्हणजे गरुडाचं पिल्लू. मोठ्यांच्या सायकलीपेक्षा लहान, पोरांच्या तीनचाकीपेक्षा मोठी. वादिमची (तेव्हा त्याला सगळे वादिक म्हणायचे) गडद लाल होती, पिकलेल्या चेरीच्या रंगाची. त्याआधी तो मोठ्यांपैकी कुणाच्या तरी उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून, खेकड्यासारखा वाकडा होऊन चालवायचा. त्यामुळे स्वतःच्या सायकलीवर सरळ बसून पहिल्यांदा सगळ्या बिऱ्हाडांच्या सामायिक अंगणाला फेरी मारली तेव्हा आपण जगातला सगळ्यात उंच माणूस आहोत असं त्याला वाटलं म्हणे. सीटखाली चामड्याची छोटी पिशवी, तिच्यात पाना आणि पंक्चरचा तुकडा. त्या पिशवीचा वास तो अजून सांगतो. तेल, रबर, आणि कुठल्या तरी गोळीचा.

चाकाच्या आऱ्यांना कपड्यांच्या चिमट्याने खेळातला पत्ता लावायचा, म्हणजे फटफट आवाज होऊन सायकलची मोटारसायकल होते. वादिमने आईच्या पत्त्यांच्या जोडातला इस्पिकचा राजा लावला होता. त्या घरात पुढे कुणी धड पत्ते खेळू शकलं नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक जागच्या जागी अडायचं आणि डांबरावर काळी रेघ उठायची. कुणाची रेघ लांब, त्यावर अंगणातली इभ्रत ठरायची.

आणि पुढच्या नळीवर इल्दूस, त्याच अंगणातला त्याचा दोस्त.

इल्दूसकडे सायकल नव्हती. वडील नदीत बुडालेले, आई गाझिझा आपा कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. पण वादिमची सायकल आली तशी ती इल्दूसचीही झाली. एक चालवणार, एक नळीवर बसणार, नदीच्या उतारापर्यंत, मग अदलाबदल. एकदा दोघं मिळून धक्क्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरवायला गेले आणि चाक धरणारा पुढचा फोर्क तडकला. इल्दूसच्या मामाने पितळ वितळवून तो सांधला. लाल फोर्कवर पिवळं कडं. वादिम म्हणायचा, सोन्याची अंगठी घातल्यासारखं दिसायचं.

मग एका वसंतात वादिम शाळेतून घरी आला, तर शेडमध्ये सायकल नाही. दुसऱ्या दिवशी इल्दूसच्या खिशातून तिची घंटी निघाली. कुठून आणलीस विचारलं, तर इल्दूस गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. वादिमने त्याला मारलं. पुढचा दात पडला त्याचा. अख्खं अंगण त्या पोराला चोर म्हणायला लागलं, आणि वर्षभरात गाझिझा आपा रुळांपलीकडच्या बराकींमध्ये राहायला गेली.

इथपर्यंत आलं की वादिम गोष्ट थांबवायचा. आणि नेमकं इथेच मला कायम खटकायचं. चोर चोरीची घंटी खिशात घालून मालकाच्याच अंगणात कशाला फिरेल? एकदा मी हे बोलून दाखवलं, तर तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दोघांची गाडी ठेवायची गॅरेजं एकाच वसाहतीत, ओळीने आहेत. वादिम आपल्या गॅरेजकडे जाताना मागच्या फाटकातून, खड्ड्यांच्या रस्त्याने वळसा घालून जातो, इल्दूसचं दार लागू नये म्हणून. आमच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर त्या रागापायी गेले.

मे महिना आला, सुट्ट्या लागल्या, आणि सगळं गाव बटाटे लावायला निघालं. आम्हीही निघालो, दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या शेतघरावर. सासरे बर्फ वितळल्यापासून पहिलं दव गोठेपर्यंत तिथेच असतात. वेनियामिन साविच. ऐंशी कधीच ओलांडली, पण अजून छपरावर चढतात आणि उतरवायला आलेल्याला शिव्या देतात. आमच्याकडे वस्तू मरत नाहीत, दाचावर जातात. शहरातला न्हाणीचा टब तिथे पाण्याचा हौद होतो, कपडे धुण्याच्या यंत्राच्या पिंपात मांस भाजतात, आणि सासऱ्यांच्या लष्करातल्या ओव्हरकोटाला बघून कावळे अजून पळतात. त्यावर सगळ्याला एकच रंग, कारखान्याचा हिरवा. कुंपण हिरवं, बाक हिरवा, संडास हिरवा. आमच्याच नाही, त्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच. रंग कुठून येतो हे कुणी कुणाला विचारत नाही.

बटाट्याच्या सऱ्या पाडायला सासऱ्यांनी कधीकाळी बनवलेलं कोळपं आहे. पुढे लोखंडी चाक, मागे फाळ आणि दोन दांड्या. एकाने मागून दांड्या धरून ढकलायचं आणि पुढे दोरी बांधून घोडा लागतो. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून घोडा मी आहे.

"सरळ चाल की!" मागून वादिम.

"तू सरळ ढकल. घोड्याला मागे डोळे नसतात."

"तास्या, डावीकडे जातेयस."

"मी डावीकडे जात नाही, मला घरी जायचंय."

सासरे बाकावर बसून मुळा खात होते. "आमच्या निनाला घोडा व्हायला सांगितलं की गाणं म्हणत ओढायची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. सासूबाई निना जाऊन बरीच वर्षं झाली. ती गाणं म्हणत नसे, शिव्या देत असे, मी स्वतः ऐकलंय. पण मेलेल्या माणसाविरुद्ध कोण बोलणार?

तिसऱ्या सरीत चाक अडकलं. वादिमने कोळपं उलटं केलं, माती झाडली, चाकूने आसाजवळचं गवत काढायला लागला. मी दोरी सोडून कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मला वाटलं, आता पाना मागेल, मग हातोडी, मग सगळ्यासाठी माझ्याच नावाने ओरडेल. पण आवाजच येईना.

मागे वळून बघितलं तर तो गुडघ्यांवर बसून चाकाचा फोर्क चाकूने खरवडत होता. वसंतभर वीस ठिकाणच्या सायकली बघून त्याच्या बोटांना त्यांचं हाडन्‌हाड ओळखीचं झालं होतं. हिरव्या रंगाचे पापुद्रे पडत होते, एका वर्षाखाली दुसरं वर्ष, कांद्यासारखे. मग लाल आलं. त्याने अजून थोडं खाली खरवडलं, अंगठ्यावर थुंकी लावून पुसलं. पिवळं कडं.

त्या वसंतात मी त्याला पहिल्यांदाच इतका स्थिर बघितला. मला ते येरझाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते इतकं शब्दशः मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दर मे महिन्यात हा माणूस आपलीच सायकल बटाट्यांतून ढकलत होता आणि ती मी ओढत होते.

"बाबा," वादिम म्हणाला, "हे चाक कुठलं?"

"कुठलं म्हणजे? चाक आहे. गोल आहे. फिरतंय."

"कुठलं?"

सासऱ्यांनी मुळा खाली ठेवला. "एवढं उकरायचं काय त्यात? सरी पाड. ऊन चढेल."

"बाबा, ही माझी सायकल आहे."

म्हाताऱ्याने मुळ्याचं ताट बाजूला सरकवलं. मग बोलायला लागले, ते बोलणं कमी आणि भांडण जास्त. कारखान्याकडून जमीन नुकतीच मिळाली होती. मेअखेर नांगरली नाही तर परत घेणार होते, दुसऱ्याला देणार होते. निनाची कंबर धरलेली, फावडं उचलवत नव्हतं. आणि चाक? त्या वर्षी अख्ख्या गावात चाक म्हणून चाक नव्हतं. "बटाटे तू पण खाल्लेस ना? त्या हिवाळ्यात काय सायकल खाल्ली असतीस?"

"मला सांगायचं होतं ना."

"सांगणारच होतो. संध्याकाळी सांगणार होतो. तू शाळेतून आलास तोच चोर चोर करत. निना म्हणाली, आता थांब, शांत होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू त्या पोराला मारून आलास. मग सांगायचं म्हणजे..." ते बाकावरचा हिरवा रंग नखाने खरवडायला लागले. "मग चोर मीच झालो असतो. तुझ्या डोळ्यांत."

"आणि घंटी?" वादिमने विचारलं. "घंटी त्याच्या खिशात कशी आली?"

"मी दिली. कोळप्याला घंटी कशाला लागते?"

मला हसू आलं असतं, दुसरी कुठली वेळ असती तर.

"म्हणजे तो तिथे होता," वादिम म्हणाला.

"होता. मला पाने हातात देत होता. मी त्याला सांगितलं, तू काही बोलू नकोस, संध्याकाळी मीच सांगतो वादिकला. हो म्हणाला."

वादिम उठला. हात न धुता, चाकू तिथेच टाकून गाडीकडे चालायला लागला. मी विचारलं, "कुठे?" आणि विचारल्या विचारल्या मला कळलं कुठे.

"काय करणार आहेस जाऊन?" सासरे मागून ओरडले. "इतक्या वर्षांनी! लोक काय म्हणतील? पोरखेळ होता तो! सऱ्या अर्ध्या राहिल्यात!"

मला सासऱ्यांचा इतका राग आला की मी ते मुळ्याचं ताट उचलून घरात नेऊन ठेवलं. तेवढंच मला करता आलं. बाहेर आले तर वादिम गाडी चालू करत होता, आणि मागच्या सीटवर, चिखलाच्या बुटांसकट, टोपी मांडीवर घेऊन वेनियामिन साविच बसलेले.

"काय बघतेस?" ते मला म्हणाले. "बस. मलाही गावात काम आहे."

गाडी गावाकडे निघाली. वादिम सिग्नलला बोटांनी स्टिअरिंग वाजवत होता, मी सीटबेल्टशी खेळत होते, आणि मागे म्हातारा घसा खाकरत होता, एखादं वाक्य वर यावं आणि परत खाली जावं तसा. इल्दूसने दार बंद केलं तर? वादिमला मी ओळखते. हा माणूस मग आयुष्यभर त्या दारासमोर येरझाऱ्या घालेल, आमच्याच स्वयंपाकघरात राहून.

या वेळी तो खड्ड्यांच्या रस्त्याने गेला नाही. पुढच्या फाटकातून सरळ आत शिरला.

सुट्टीचे दिवस, त्यामुळे गॅरेजांसमोर कुठे मांस भाजत होतं, कुठे रेडिओ लागला होता. इल्दूसच्या गॅरेजचं मोठं लोखंडी दार बंद होतं आणि त्यातलं माणसापुरतं छोटं दार उघडं. त्याची चौकट गुडघ्याएवढी उंच, पाय चांगला उचलल्याशिवाय आत जाता येत नाही. आत इल्दूस होडीच्या मोटारीवर वाकला होता. केस पांढरे झालेत. तो वर बघून चौकटीपर्यंत आला, आणि मला त्याचा स्टीलचा दात दिसला. मी नजर दुसरीकडे वळवली.

"गाडी बंद पडली का?" त्याने वादिमला विचारलं, जणू काल भेटले होते. "पलीकडच्या ओळीत विचार. मी गाड्या करत नाही."

"गाडी ठीक आहे." वादिमच्या कपाळावर घाम होता. "सायकल सापडली."

इल्दूस फडक्याने हात पुसत राहिला. पुसलेलेच हात पुन्हा पुसत होता.

"कुठे?"

"बटाट्यांत."

"हां." त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "चालते का?"

"सऱ्या बऱ्या पाडते. इल्दूस, मी तुला..."

"मारलंस. हो. मीही तुझा कान चावला होता. आहे का जागेवर?" त्याने खरंच वाकून बघितलं. "आहे. पोरं मारामाऱ्या करतात रे. ते मी केव्हाच सोडून दिलं."

"मग तू बोलला का नाहीस? एक शब्द बोलला असतास तर!"

"शब्द दुसरीकडे दिला होता." त्याने वादिमच्या खांद्यावरून मागे बघितलं. सासरे गाडीतून उतरून उभे होते. इल्दूस त्यांच्याशी बोलायला लागला, शांतपणे. "तुम्ही माझ्याशी हात मिळवला होता, वेनियामिन साविच. तेल लागलेला हात. मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. माझे वडील गेल्यापासून मला कुणी तसा हात दिला नव्हता. मला वाटलं, आता आपण मोठे झालो. मार खाल्ला तरी वाटत होतं, संध्याकाळी हे सांगणार आहेत, मग वादिक धावत येईल. आमच्या खिडकीतून तुमचं दार दिसायचं. तुम्ही कामावरून परत यायचात, हातात पिशवी. मी म्हणायचो, आज सांगतील. आई म्हणायची, जेव. मी म्हणायचो, थांब जरा. रोज. आम्ही घर बदललं ना, तेव्हा सामान बांधताना मी आईला विचारलं होतं, त्यांना नवा पत्ता दिलास का?"

शेजारच्या गॅरेजातल्या कुणीतरी रेडिओ लहान केला.

मी या घरात आल्यापासून माझ्या सासऱ्यांनी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. सुनेची नाही, बायकोची नाही, देवाचीही नसेल. ते चालत पुढे आले, टोपी काखेत धरली. डोक्यावरचे चार केस वाऱ्याने उडत होते.

"माझं चुकलं, इल्दूस," ते म्हणाले. "पोरा, माझं चुकलं." आणि त्यांनी चौकटीवरून हात आत केला.

इल्दूसने हात घेतला नाही. त्याने उलट दोन्ही हात खिशात घातले. म्हाताऱ्याचा हात तसाच अधांतरी राहिला. वादिमने डोळे मिटले. खरं सांगते, इल्दूसच्या जागी मी असते तर मीही घेतला नसता.

"उंबऱ्यावरून नको," इल्दूस म्हणाला. "उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण होतं. झालं तेवढं पुरे. आधी आत या."

सासऱ्यांनी पाय उचलला. छपरावर चढणारा तो पाय त्या चौकटीवरून काही केल्या वर जाईना. एकदा उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग बाहेरून वादिमने आणि आतून इल्दूसने त्यांना काखेत धरून उचललं, आणि त्यांचे दोन्ही पाय आत टेकल्यावर मगच इल्दूसने त्यांचा हात हातात घेतला.